फोटो उडवले तरी "मेमरी कमी आहे" का येतं? रॅम, कॅश, पेजफाइल, एसएसडी सगळं एकदा नीट

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही कळेल. लॅपटॉपवर ८ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम आहे, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी आहे, प्रोसेसरच्या माहितीत "८ एमबी कॅश" लिहिलंय. ब्राउझरचे बरेच टॅब, एक मोठी एक्सेल शीट आणि वर व्हिडिओ कॉल चालू झाला की विंडोज सांगतं की मेमरी कमी आहे, प्रोग्राम बंद करा. तुम्ही फोटो-व्हिडिओ उडवून ३०० जीबी जागा मोकळी केली, ब्राउझरची कॅश साफ केली, काही फरक नाही. शिवाय ५१२ चे ४७६ का दिसतात, ८ चे ७.८ का, ३२०० ऐवजी १६०० का, आणि एसएसडी जास्त टिकावी म्हणून मागे व्हर्च्युअल मेमरी म्हणजे पेजफाइल (रॅममध्ये न मावणारं विंडोज डिस्कवरच्या ज्या फाइलमध्ये ठेवतं ती) बंद केली होती त्याचा याच्याशी काही संबंध आहे का, आणि आता रॅम वाढवू की मोठी एसएसडी घेऊ.

पेजफाइलचा संबंध आहे, आणि बहुतेक सगळी भानगड तिथेच आहे. पण ती का, हे कळायला आधीचे चार शब्द नीट लागले पाहिजेत, नाहीतर मी "ती परत चालू करा" एवढं सांगीन, तुम्ही कराल, आणि पुढच्या वेळी दुसरा कोणीतरी सांगेल म्हणून परत बंद कराल.

मेमरी हा शब्द लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि जवळजवळ सगळा गोंधळ इथून सुरू होतो. एक रॅम आणि दुसरं स्टोरेज, म्हणजे हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड. कुठल्याही मेमरीबद्दल वाचलंत की आधी एकच विचारा, वीज गेली तर त्यातलं राहतं की जातं? रॅममधलं जातं, स्टोरेजमधलं राहतं. विंडोज जेव्हा मेमरी कमी आहे म्हणतं तेव्हा ते रॅमच्या बाजूचं बोलत असतं. जागा संपली असेल तर ते डिस्क स्पेस म्हणतं, मेमरी म्हणत नाही. फोटो स्टोरेजमध्ये पडून असतात, ते उघडलेले नसतील तर रॅममध्ये त्यांची एक बाइटही नसते, म्हणून ते उडवून हा मेसेज जाणं शक्यच नव्हतं. (फोनच्या जाहिरातीत "८ जीबी रॅम, १२८ जीबी रॉम" लिहितात तिथे रॉम म्हणजे स्टोरेजच समजायचं. खरी रॉम म्हणजे फक्त वाचता येणारी मेमरी, फोटो ठेवायची जागा नव्हे, पण तो वापर आता रूढ झालाय.)

रॅममधलं का जातं तेही बघू, कारण त्यात मजा आहे. आपण जी रॅम विकत घेतो ती डीरॅम असते, डायनॅमिक रॅम. त्यात एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक बारीकसा कपॅसिटर, कपॅसिटरमध्ये चार्ज असला तर १, नसला तर ०. आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही कल्पना, १९६८ साली पेटंट मिळालं, आणि आजही प्रत्येक कॉम्प्युटरची रॅम त्याच तत्त्वावर चालते. अडचण एवढीच की तो चार्ज गळतो. म्हणून मेमरीला साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक रांग वाचून परत भरावी लागते, याला रिफ्रेश म्हणतात, आणि मशीन चालू आहे तोवर हे न थांबता चालू असतं. वीज गेली की रिफ्रेश थांबला आणि रिफ्रेश थांबला की डेटा गेला. सेव्ह न केलेली फाइल लाइट गेल्यावर जाते ती यामुळेच, ती फक्त रॅममध्ये होती, सेव्ह दाबणं म्हणजे रॅममधली प्रत स्टोरेजवर लिहिणं.

आणि प्रोसेसर एसएसडीवरून थेट काहीच चालवत नाही हे लक्षात ठेवा. एक्सेल उघडलंत की प्रोग्राम आणि तुमची शीट दोन्ही एसएसडीवरून रॅममध्ये येतात आणि प्रोसेसर रॅममधूनच काम करतो. ४० एमबीची शीट उघडल्यावर रॅममध्ये ४०० एमबी खाऊ शकते कारण डिस्कवर ती दाबून ठेवलेली असते, म्हणजे कॉम्प्रेस केलेली, आणि रॅममध्ये सुटी पसरते, प्रत्येक सेलचा फॉर्म्युला, फॉरमॅट, अनडूचा इतिहास सगळं धरून. फाइल एवढीशी आहे मग एवढी मेमरी कशी खाते याचं उत्तर हे. ब्राउझरच्या टॅबचंही तसंच, वेबपेज वाचायला छोटं पण त्याच्यामागे जे प्रोग्राम चालू असतात ते मोठे.

आता कॅश. तुम्ही जी साफ केली ती ब्राउझरची कॅश, ती एसएसडीवरच्या एका फोल्डरमध्ये असते, साइटवरची चित्रं वगैरे परत डाउनलोड करायला लागू नयेत म्हणून. प्रोसेसरची ८ एमबी कॅश ही पूर्ण वेगळी वस्तू आहे, ती प्रोसेसरच्या चिपमध्येच असते, तिला तुम्ही हात लावू शकत नाही आणि लावायची गरजही नाही. नाव एक असण्याचं कारण कल्पना एक आहे: जे परत लागणार ते जवळ ठेवायचं.

ती का लागते हे आकड्यांतून बघा. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी टिक्स करतो, म्हणजे एक टिक साधारण एक तृतीयांश नॅनोसेकंदाची. रॅममधून एखादी गोष्ट मागवली की यायला साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक वेळी रॅमपर्यंत जावं लागलं तर प्रोसेसर अडीचशे-तीनशे टिक्स नुसता वाट बघत बसेल. म्हणून चिपमध्येच थोडी फार वेगवान मेमरी देतात. एल१ कॅश प्रत्येक कोअरला (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग) काही दहा केबी, तिथून चार-पाच टिक्समध्ये उत्तर येतं, मग एल२ थोडी मोठी थोडी हळू, मग एल३ सगळ्या कोअरमध्ये सामायिक, तुमच्याकडची ८ एमबी म्हणजे बहुतेक हीच. ही एसरॅम म्हणजे स्टॅटिक रॅम असते, एका बिटला सहसा सहा ट्रान्झिस्टर, रिफ्रेश लागत नाही, पण जागा खूप खाते आणि महाग पडते. सगळी रॅमच एसरॅमची का करत नाहीत असं विचारतात त्याचं उत्तर यातच आलं. रॅममधून एक बाइट मागितली तरी बहुतेक प्रोसेसर तिच्या शेजारच्या धरून ६४ बाइट्स उचलून कॅशमध्ये आणतात, कारण प्रोग्राम बहुतेक वेळा शेजारचीच गोष्ट पुढे मागतो.

हीच पायरी खाली नेत चला. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवरून छोटा तुकडा वाचायला साधारण ५० ते १०० मायक्रोसेकंद, म्हणजे रॅमच्या हजारपट किंवा त्याच्या आसपास. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला साधारण १० मिलिसेकंद, एसएसडीच्या अजून शंभरपट. हार्ड डिस्कचं तर गणितच सरळ आहे, ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी म्हणजे ४ च्या वर, आणि हेड सरकायला वेगळा वेळ. तर एल१, एल३, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क ही उतरंड आहे, वर वेग जास्त जागा कमी, खाली जागा जास्त वेग कमी. हा हजारपटीचा आकडा डोक्यात ठेवा, पेजफाइलपाशी लागणार आहे.

बायोस आणि सीमॉसबद्दल विचारलं नाहीये पण हे शब्द मध्ये मध्ये येतात म्हणून पटकन. मशीन चालू झाल्यावर सगळ्यात आधी जो प्रोग्राम चालतो तो मदरबोर्डवरच्या एका फ्लॅश चिपमध्ये असतो, पूर्वी बायोस, आता बहुतेक यूईएफआय. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्यासारखी सेल असते, बहुधा सीआर२०३२, ती घड्याळ चालू ठेवते आणि जुन्या पद्धतीत बायोसची सेटिंग्जही सीमॉस मेमरीत टिकवते. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर ती सेल बदला. आणि ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो कॅबिनेट, सीपीयू म्हणजे आतली प्रोसेसर चिप. बोलताना चालतं, पण दुरुस्तीला देताना "सीपीयू खराब आहे" म्हटलंत तर समोरचा प्रोसेसर बदलायची भाषा करू शकतो.

आता ५१२ चे ४७६. कोणी जागा चोरली नाहीये. ८ बिट म्हणजे १ बाइट, इथपर्यंत भांडण नाही. पुढे स्टोरेज बनवणारे १ जीबी म्हणजे बरोबर १०० कोटी बाइट्स धरतात, हजाराच्या पटीत. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं आणि लिहितं जीबीच. ५१२ वर नऊ शून्यं घ्या, १०२४ ने तीनदा भागा, ४७६.८ येतं. १ टीबीची डिस्क याच हिशोबाने ९३१ दिसते. १०२४ वाल्या एककांना १९९८ साली वेगळी नावं दिली गेली, किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, लिनक्सवर ती बऱ्याच ठिकाणी दिसतात, विंडोजने ती घेतली नाहीत. मॅकवर आता हजाराच्या हिशोबाने दाखवतात त्यामुळे तीच डिस्क तिथे ५१२ च्या आसपास दिसेल. एवढं करूनही सी ड्राइव्ह ४७६ पेक्षा कमी दिसत असेल तर बाकीचं रिकव्हरी पार्टिशनमध्ये गेलंय.

रॅमचे ८ जीबी मात्र खरोखर १०२४ च्या हिशोबाचेच असतात, म्हणून तिथे हे कारण नाही. तिथे ७.८ दिसतात कारण प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला स्वतःची व्हीरॅम म्हणजे चित्रासाठीची वेगळी मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच एक तुकडा आधी राखून ठेवते. टास्क मॅनेजरमध्ये "हार्डवेअर रिझर्व्ह्ड" म्हणून दिसतं. काही लॅपटॉपवर हा तुकडा २ जीबीचा असतो आणि ८ ऐवजी ५.९ दिसतात, तुमचा खूपच कमी आहे, चांगलंय. फक्त चारच्या अलीकडेच अडकलं असतं, ३.२-३.४ वगैरे, तर वेगळी शंका घ्यायची, की विंडोज ३२ बिटचं टाकलंय का. ३२ बिटमध्ये २ चा ३२ वा घात म्हणजे ४ जीबीचेच पत्ते बनतात आणि त्यातलेही काही ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरला जातात.

जाता जाता, छोटा बी आणि मोठा बी. इंटरनेटचा स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात आणि डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं. १०० एमबीपीएस लाइनवर साडेबारा मेगाबाइटच्या वर जाणार नाही, तक्रार करण्याआधी आठने भागून बघा.

रॅमच्या लेबलवर येऊ. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. डीडीआर४ ३२०० मधला ३२०० हा मेगाट्रान्सफर प्रति सेकंद आहे, खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं. सीपीयू-झेडसारखा प्रोग्राम खरं घड्याळ दाखवतो म्हणून १६०० दिसलं. रॅम बरोबर स्पीडला चालतेय. लेबलवर पीसी४-२५६०० असंही असेल, ते म्हणजे ३२०० गुणिले ८ बाइट्स, सेकंदाला २५,६०० मेगाबाइट.

त्याच लेबलवर सीएल२२ असं काहीतरी असतं, कॅस लेटन्सी, रॅमच्या चिपला वाचायचा हुकूम मिळाल्यापासून पहिला डेटा यायला किती ठोके (वरच्या ८० ते १०० नॅनोसेकंदांचा हा फक्त एक हिस्सा). इथे लोक फार फसतात, आकडा लहान तेवढं चांगलं समजून. ठोके मोजून उपयोग नाही, वेळ काढा. डीडीआर३ १६०० ला सीएल११ असायचं, घड्याळ ८०० चं, ११ ठोके म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. डीडीआर४ ३२०० ला सीएल२२, घड्याळ १६०० चं, २२ ठोके म्हणजे तेच १३.७५ नॅनोसेकंद! एक आख्खी पिढी बदलली तरी पहिला बाइट यायचा वेळ जागचा हलला नाही, वाढली ती रुंदी, म्हणजे एकदा सुरू झाल्यावर सेकंदाला किती डेटा येतो ती. म्हणूनच कॅशला एवढं महत्त्व आलं. आणि म्हणूनच रॅमचा स्पीड एक पायरी वाढवून ऑफिसच्या कामात तुम्हाला काही जाणवणार नाही, पण रॅम पुरेशी नसेल तर ती वाढवलेली लगेच जाणवेल. आधी किती, मग कितीची, हा क्रम मी कधीच उलटा करत नाही.

ड्युअल चॅनल मात्र खरंच कामाचं आहे. रॅमची एक स्टिक म्हणजे पट्टी लावली की ६४ बिटचा एक रस्ता, दोन वेगळ्या चॅनलवर दोन लावल्या की १२८ बिट, कमाल वेग २५.६ चा ५१.२ जीबी प्रति सेकंद. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणाऱ्यांना तर याचा स्पष्ट फरक दिसतो कारण त्याची व्हीरॅम हीच आहे. म्हणून १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या, जोवर पुढे अजून वाढवायची नाहीये.

स्टोरेजमध्ये सगळ्यात जास्त घोळ एम.२ आणि एनव्हीएमई या दोन शब्दांचा होतो. एम.२ हा फक्त आकार आणि कनेक्टर आहे, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद ८० लांब. आत साटाही असू शकतं आणि एनव्हीएमईही, या एसएसडीने मशीनशी बोलायच्या दोन पद्धती, साटा जुनी आणि हळू. साटाची हद्द ६ गिगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास. एनव्हीएमई पीसीआय एक्स्प्रेसवरून चालतं, तिसऱ्या पिढीत चार लेनवर साधारण साडेतीन हजार, चौथ्या पिढीत सात हजारपर्यंत. तेव्हा "एम.२ एसएसडी" एवढंच वाचून घेऊ नका, बोर्डाचा स्लॉट कुठली घेतो ते आधी बघा, दिसायला सारखी असली तरी चालेलच असं नाही.

एसएसडीच्या आत नॅन्ड फ्लॅश असते आणि ती झिजते ही तुम्ही ऐकलेली गोष्ट खरी आहे. त्यात लिहिता येतं छोट्या पानांत, काही केबीच्या, पण पुसता येतं ते फक्त काही एमबीच्या आख्ख्या ब्लॉकमध्ये. पाटीवरचं एक अक्षर बदलायला सगळी पाटी पुसायची असा प्रकार, म्हणून एसएसडीचा कंट्रोलर नवीन डेटा दुसरीकडच्या कोऱ्या पानावर लिहितो, जुनं पान रद्द म्हणून नोंदवतो आणि सवडीने ब्लॉक साफ करतो, आणि झीज सगळ्या ब्लॉकवर सारखी पडेल असं बघतो. ट्रिम म्हणजे कुठली पानं आता नको आहेत हे विंडोजने एसएसडीला सांगणं. एसएलसी, एमएलसी, टीएलसी, क्यूएलसी म्हणजे एका सेलमध्ये अनुक्रमे १, २, ३, ४ बिट, जितके जास्त बिट तितकी स्वस्त आणि तितकी लवकर झिजणारी.

पण किती झिजते याचा हिशोब तुम्हाला कोणी दाखवला नाही आणि पेजफाइल बंद करा म्हणून सांगून टाकलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ५१२ जीबीच्या टीएलसी ड्राइव्हवर ३०० टीबीडब्ल्यू ही सहज दिसणारी रेटिंग आहे, म्हणजे ३०० टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी जबाबदारी घेते. दिवसाला २० जीबी लिहिलं, जे ऑफिसच्या कामाला भरपूर झालं, तरी ३ लाख भागिले २०, पंधरा हजार दिवस, चाळीस वर्षं. त्याच्या आत बाकीचा लॅपटॉपच राहणार नाही. पेजफाइल बंद करून जे वाचतं ते या चाळीस वर्षांच्या शेवटच्या टोकाचं, आणि त्याची किंमत तुम्ही आज रोज मोजताय.

ती कशी ते आता. कुठलाही प्रोग्राम खऱ्या रॅमचा पत्ता कधी बघतच नाही. त्याला व्हर्च्युअल पत्ते मिळतात, आणि ४ केबीच्या पानांमध्ये ते खऱ्या रॅमशी जोडायचं काम प्रोसेसर आणि विंडोज मिळून करतात. ही कल्पना जुनी आहे, मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस कॉम्प्युटरमध्ये १९६२ सालीच होती. यामुळे बऱ्याच वेळात न वापरलेली पानं रॅममधून उचलून डिस्कवर ठेवता येतात आणि रॅम कामाच्या गोष्टींना मोकळी होते. विंडोजमध्ये ती पानं जातात सी ड्राइव्हवरच्या पेजफाइलमध्ये, लिनक्समध्ये स्वॅपमध्ये.

आणि इथे एक बारकावा आहे जो फार थोडे लोक सांगतात. प्रोग्राम जेव्हा विंडोजकडे मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती कबूल करतं, कमिट करतं, प्रोग्रामने ती अजून वापरलेली नसली तरी. आणि विंडोज आपल्या ऐपतीबाहेर कबूल करत नाही. ऐपत म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल ८ जीबीची असती तर तुमची हद्द साधारण १५.८ जीबी असती. पेजफाइल बंद, म्हणून हद्द ७.८. ब्राउझरसारखे प्रोग्राम मागतात खूप आणि वापरतात कमी, त्यामुळे प्रत्यक्ष रॅम ६ जीबीच वापरात असताना कबुली ७.८ ला टेकते आणि विंडोज मेमरी संपली म्हणून ओरडतं, पावणेदोन जीबी रॅम समोर रिकामी असताना. तुमच्याकडे नेमकं हेच चाललेलं असणार.

बघायचं कसं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, परफॉर्मन्स, मेमरी. "इन यूज" म्हणजे खरी वापरातली रॅम. "कमिटेड" समोर दोन आकडे तिरप्या रेघेने, पहिला कबूल केलेली, दुसरा हद्द. दुसरा आकडा तुमच्याकडे ७.८ च्या आसपासच दिसेल. "कॅश्ड" मोठं दिसलं तर घाबरू नका, नुकत्याच वापरलेल्या फाइल्स विंडोज रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवतं आणि कोणाला जागा लागली की तत्क्षणी सोडतं. रिकामी रॅम काहीच काम करत नसते, म्हणून भरलेली रॅम बघून "रॅम क्लीनर" टाकू नका. ते प्रोग्राम चालू गोष्टींची पानं जबरदस्ती बाहेर काढतात, आकडा छान दिसतो आणि पुढच्या क्लिकला तीच पानं एसएसडीवरून परत आणावी लागतात, हजारपट हळू. मी कोणाच्याही मशीनवर हे दिसले तर आधी काढायला सांगतो.

म्हणून पहिलं काम, सिस्टम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सची सेटिंग्ज, परत ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी, आणि वरची ऑटोमॅटिकची खूण परत लावा, रीस्टार्ट करा. आकडा स्वतः भरू नका, दीडपट रॅम वगैरे जे नियम सांगतात ते जुने आहेत, विंडोज गरजेप्रमाणे वाढवतं आणि तुमच्याकडे ३०० जीबी मोकळे आहेतच. मेसेज थांबेल.

मेसेज थांबला म्हणजे रॅम पुरतेय असं मात्र नाही. पेजफाइल हद्द वाढवते, वेग देत नाही. आता तोच व्हिडिओ कॉल आणि शीट चालू ठेवून "इन यूज" बघा. ७ च्या वर जाऊन तिथेच बसत असेल, टॅब बदलताना मशीन अडखळत असेल आणि त्या वेळी डिस्कचा आलेख उसळत असेल, तर पानं सारखी आत-बाहेर चाललीत आणि तुम्हाला रॅम हवीच आहे. ६ च्या आत राहत असेल तर पैसे खर्च करू नका. एखादाच प्रोग्राम तासागणिक फुगत जात असेल, तुम्ही काही नवीन न उघडताही, तर ती मेमरी लीक, त्याला रॅम वाढवून उपाय नाही, तो प्रोग्राम अपडेट करा किंवा बदला. आणि मोठी एसएसडी यातल्या कशालाच उपाय नाही, तुमची अर्ध्याहून जास्त रिकामी आहे.

रॅम घ्यायची ठरली तर त्याच मेमरीच्या पानावर "स्लॉट्स यूज्ड" बघा. दोनपैकी एक भरलेला असेल तर तशीच ८ जीबी डीडीआर४ ३२०० एसओ-डिम (लॅपटॉपची छोटी स्टिक) दुसऱ्यात, झालं १६ आणि ड्युअल चॅनलही. "रो ऑफ चिप्स" असं काही दिसलं तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असू शकते, तेव्हा त्या मॉडेलला मोकळा स्लॉट आहे का आणि जास्तीत जास्त किती चालते हे कंपनीच्या साइटवर बघूनच पुढे जा, पातळ लॅपटॉपमधली एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी डीडीआर) बहुतेक वेळा सोल्डर केलेलीच असते आणि तिथे वाढवायचा मार्ग नसतो. डीडीआर५ चुकून घेऊ नका, खाच वेगळ्या जागी असते, पिना २६० ऐवजी २६२, व्होल्टेज १.२ ऐवजी १.१, बसणारच नाही आणि जोर केलात तर स्लॉट जाईल. वेगळ्या कंपनीची चालते, वेगळ्या स्पीडची घेतली तर दोन्ही कमी असलेल्या स्पीडला चालतात.

बसवताना मशीन पूर्ण शटडाउन, चार्जर काढलेला, आतली बॅटरी सुटी करता येत असेल तर तीही काढा. अंगातली स्टॅटिक जाऊ द्यायला आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावा, स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. तिरकी घालून पूर्ण आत ढकला, मग खाली दाबा म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्लिपा स्वतः लागतात. चालू केल्यावर स्क्रीन काळी राहिली तर लगेच रॅम खराब आहे म्हणू नका, पहिल्यांदा काही मशीन नवीन रॅम ओळखायला वेळ घेतात, थोडं थांबा, तरी काही नाही तर काढून परत बसवा, बहुतेक वेळा पूर्ण आत गेलेली नसते. चालू झालं की टास्क मॅनेजरमध्ये १५.८ दिसतायत का आणि स्पीड ३२०० आहे का बघा, आणि रात्री एकदा विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवून ठेवा, कारण स्टिकमध्ये दोष असेल तर तो बदलून मिळण्याच्या मुदतीतच कळलेला बरा.